आम्हाला विचारलं कुणी?

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे. या तीन तारखांना कोल्हापुरात झेंडावंदन होतं, जिलेबीच्या स्टॉलवर रांगा लागतात, आणि आमच्यासारखे हापिसवाले या तारखा सोमवार-शुक्रवारी येतात का ते जानेवारीतच बघून ठेवतात. १ मार्चची चौकट मात्र कॅलेंडरात कोरी असते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आदल्या दिवसापर्यंत इथे स्वतःचा कारभार होता (शेवटी शेवटी भारत सरकारनं नेमलेल्या प्रशासकाच्या हाताखाली का होईना), १९३१ पासूनचं स्वतःचं हायकोर्ट होतं, महाराजांना १९ तोफांची सलामी होती, ३,२०० चौरस मैलांच्या आसपास मुलूख होता आणि १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे जवळजवळ ११ लाख माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं मुंबई प्रांताचा एक भाग होतं. बस्स.

या वीकांताला हे डोक्यात घोळायचं कारण दोन बातम्या. एक म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. आणि दुसरी शहराच्या हद्दवाढीची. तिला बातमी म्हणणंही जरा जास्तच झालं, ते हवामान आहे, दर वर्षी येतंच. वरवर बघता दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला दोन्हीत एकच प्रश्न दिसतो. लहान घटक मोठ्या घटकात गेला की त्याच्या वाट्याला काय उरतं? 'एक माणूस, एक मत' एवढं सांगून तो प्रश्न मिटतो का?

आधी एक गफलत दूर करू. कोल्हापूर भारतात आलं ते १९४७ मध्ये. संस्थानिकांनी तेव्हा ज्या सामीलनाम्यावर सह्या केल्या त्यात दिल्लीला तीनच विषय द्यायचे होते: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी सगळं जिथल्या तिथे. १९४९ ची सही वेगळी होती. त्या सहीनं उरलेलं सगळं गेलं, आणि गेलं ते मुंबईच्या ताब्यात. म्हणजे लांबची युनियन हलकी होती आणि जवळची युनियन जड.

माझे आजोबा दरबारच्या हिशेब खात्यात कारकून होते. १९४७ बद्दल त्यांच्या तोंडून कधी वाईट शब्द ऐकला नाही. १९४९ बद्दल मात्र त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पूर्वी कागद सहीला जायचा आणि दुपारपर्यंत परत यायचा. मग तो वर जायला लागला." वर म्हणजे कुठे, ते कधी सांगायचे नाहीत, नुसतं बोट वर करायचे. लहानपणी मला वाटायचं की कागद देवाकडे जातो.

आजोबांचं दुखणं राजेशाहीच्या प्रेमातून आलेलं होतं असं मला वाटत नाही. कुणालाही न विचारता काय काय करता येतं, हे त्यांनी लहान राज्यात बघितलं होतं. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. या दोन्ही गोष्टी सबंध मुंबई इलाख्याच्या बहुमतावर सोडल्या असत्या तर कधी झाल्या असत्या? कोल्हापूर लहान होतं, त्याचा निर्णय त्याच्या हातात होता, म्हणून इतरांच्या आधी करून मोकळं झालं.

आता लगेच फेटा बांधून 'जय भवानी' म्हणू नका. राज्य लहान आहे म्हणून ते न्यायी असतं असं अजिबात नाही. शाहू महाराज एकच झाले. संस्थानात प्रजेला खरी सत्ता नव्हती म्हणून तर १९३९ मध्ये प्रजा परिषद उभी राहिली, माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखी माणसं जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढली, त्यासाठी भूमिगत झाली, तुरुंगात गेली. (रत्नाप्पाण्णा पुढे घटना समितीवर गेले. राज्यघटनेवर त्यांची सही आहे.) विलीनीकरणाच्या वेळचे महाराज, शहाजी महाराज, १९४७ मध्ये देवासहून दत्तक आलेले. त्यांना कोल्हापूरचं होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यात १९४८ च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर शहरात जाळपोळ झाली. विलीन होण्यातच भलं आहे असं मानणारे कोल्हापूरकर तेव्हा कमी नव्हते. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरी धरण पुरं झालं तेसुद्धा विलीनीकरणानंतर. मतदान झालं असतं तर कदाचित विलीनीकरणवालेच जिंकले असते.

मग तक्रार कसली? तक्रार एवढीच की मतदान झालं नाही.

'तेव्हा वेळ कुठे होता,' असं म्हणतात. जुनागढला होता. तिथे फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत घेतलं. कारण तिथल्या नवाबानं पाकिस्तानात जायचं ठरवलं होतं आणि लोकांना तसं नको होतं, हे दाखवायची गरज होती. जिथे राजा आपल्याच बाजूनं सही करत होता तिथे लोकांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आपल्या आजूबाजूची लहान संस्थानं तर आणखी पटकन गेली. औंधच्या राजानं १९३९ मध्येच आपली सत्ता प्रजेला देऊन टाकली होती, ७२ गावांच्या त्या चिमुकल्या राज्यात गावपंचायतींच्या हाती खरा कारभार होता. दख्खनच्या संस्थानिकांनी आपापसात मिळून संघ करायचा घाटही घातला होता, त्यासाठी १९४६ मध्ये ते पुण्यात गांधीजींना भेटले होते. ८ मार्च १९४८ ला औंध, सांगली, फलटण, भोर सगळी एका झटक्यात मुंबई प्रांतात. औंधच्या पंचायतींचं काय, हा प्रश्न कुणाच्या फायलीत असलाच तर तोही 'वर' गेला असणार.

मला हे सगळं खरं कळलं ते कोल्हापुरात नाही, एडिंबरोत. २०१४ मध्ये मी तिथे ऑनसाईट होतो. एका संध्याकाळी खोलीवर आलो तर दाराखाली एक कार्ड पडलेलं, माझ्या नावाचं. मतदानाचं! स्कॉटलंडनं स्वतंत्र देश व्हावं की नाही यावर १८ सप्टेंबरला सार्वमत होतं, आणि तिथे कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकांना त्यात मत होतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर कामासाठी आलेल्या, थंडीत दोन-दोन स्वेटर घालणाऱ्या आणि मेसच्या डाळीसाठी तळमळणाऱ्या माझ्यासारख्यालाही. सोळा वर्षांच्या पोरांनाही मत होतं.

मी गेलो. मत कुणाला दिलं ते विचारू नका, गुप्त मतदान होतं. पण हातात पेन्सिल घेऊन उभा होतो तेव्हा आजोबांचं वर केलेलं बोट आठवलं. ज्या देशाशी माझं नातं फक्त प्रोजेक्ट संपेपर्यंतचं, त्याच्या युनियनचा निकाल लावायला मला मत मिळालं. आणि आजोबांचा सगळा जन्म ज्या राज्यात गेला, त्याच्याबद्दल त्यांना कुणी विचारलंही नाही.

५५ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी 'स्वतंत्र नको' म्हटलं. मतदान ८४.६ टक्के. दुसऱ्या दिवशी हापिसात शांतता होती, कॉफी मशीनजवळ दोन माणसं एकमेकांकडे न बघता उभी होती. पण कुणी 'फसवलं' म्हणालं नाही. आमच्या टीममधला एक टेस्टर 'नको'वाला होता. त्याचं कारण साधं होतं. ब्रिटनमध्ये राहिलो तर युरोपियन युनियनमधली जागा पक्की, बाहेर पडलो तर काय भरवसा.

मग आलं २०१६. युरोपात राहायचं की नाही यावर सगळ्या ब्रिटनचं सार्वमत. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के 'राहूया' म्हणाले, तिथल्या ३२ च्या ३२ विभागांत 'राहूया'चं बहुमत. पण एकूण ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के 'बाहेर पडूया'. स्कॉटलंडची लोकसंख्या ब्रिटनच्या आठ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा बेरजेत ती बुडाली. मी तोवर परत आलो होतो. चॅटवर त्या टेस्टरशी बोललो. हरल्याचा राग त्याला फारसा नव्हता, स्कॉटलंडचे लोक फुटबॉलमुळे हरण्याला सरावलेले असतात. पण ज्या कारणासाठी तो दोन वर्षांपूर्वी आत राहिला होता तेच कारण आता गेलं होतं, आणि पुन्हा विचारा म्हणायचा हक्क त्याच्याकडे नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं ते स्पष्टच सांगितलं: लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटलंडची पार्लमेंट नवं सार्वमत घेऊ शकत नाही.

बेरीज बरोबर होती. मोजणीत घोटाळा नव्हता. तरी काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं, आणि मलाही वाटतं. बेरीज करायच्या आधी एक प्रश्न असतो: कुठली गोष्ट सगळ्यांच्या बेरजेनं ठरवायची आणि कुठली ज्याची त्यानं? हा प्रश्न बहुमतानं ठरवला की लहान घटक कायमचा हरला, कारण त्याचं बहुमत कधीच होणार नसतं. निपाणी-बेळगावच्या मराठी माणसाला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तिथून आमदार निवडून आले तरी सगळ्या विधानसभेत ते मूठभरच राहणार.

आपल्या शेजारी हा प्रश्न एकदा बऱ्यापैकी नीट सोडवला गेला. गोव्यात, १६ जानेवारी १९६७ ला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणवादी. जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. (आजच्या काळात हे वाक्य दोनदा वाचावं लागतं.) विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. महाराष्ट्रातल्या भल्याभल्यांना हा निकाल झोंबला. पण गंमत पुढे आहे. त्याच वर्षी गोव्यात निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांचंच सरकार आणलं! म्हणजे 'राज्य तू कर, पण आमचं घर मोडू नको.' सरकार निवडणं आणि युनियन निवडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे गोवेकरांना इतकं स्वच्छ कळलं होतं.

आता त्या ३४,०२१ मतांची किंमत बघा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात. कोल्हापूर जिल्ह्याची ३८,७६,००१. गोव्याला लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक, स्वतःची ४० आमदारांची विधानसभा, स्वतःचा मुख्यमंत्री. १९८७ पासून पूर्ण राज्य. कोल्हापूरला दोन खासदार, त्यातल्या हातकणंगलेवाल्याला शिराळा आणि इस्लामपूरही सांभाळायचं. विधानसभेत २८८ पैकी १० आमदार. म्हणजे अडीच पटीहून जास्त माणसं आणि हातात साडेतीन टक्के.

हा गोव्यावर अन्याय की कोल्हापूरवर? 'एक माणूस, एक मत' काटेकोर लावलं तर गोव्याला जास्त मिळालंय. पण काटेकोर लावलं तर गोवा नावाची वस्तूच दहा-वीस वर्षांत विरघळून जाईल. युरोपात हा पेच उघडपणे मान्य करून टाकलाय. जर्मनीला तिथल्या संसदेत ९६ जागा, चिमुकल्या माल्टाला ६. माल्टाच्या माणसाचं मत जर्मन माणसाच्या मताच्या साधारण नऊपट वजनाचं पडतं, आणि हे कराराने ठरवून केलेलं आहे. शिवाय बहुतेक मोठ्या निर्णयांना तिथे दोन चाळण्या: सदस्य देशांपैकी ५५ टक्के देश हवेत आणि त्यांच्यात मिळून ६५ टक्के लोकसंख्या हवी. म्हणजे नुसती माणसं मोजूनही चालत नाही, नुसते देश मोजूनही नाही. आपल्या राज्यसभेतसुद्धा जागा मुख्यतः लोकसंख्येवरच वाटलेल्या आहेत, त्यामुळे दुसरी चाळणी आपल्याकडे जवळजवळ नाहीच. लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवून ठेवलं गेलं, ते पुढे कसं सोडवायचं यावर दक्षिणेतली राज्यं इतकी अस्वस्थ का आहेत हे यावरून कळेल. असो, तो एका वेगळ्या वीकांताचा विषय.

तर, कोल्हापूर सहीनं आलं आणि गोवा मतानं बाहेर राहिला. तिसरा एक रस्ता होता, तो विदर्भाचा. करार. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. विदर्भाकडे स्वतःची राजधानी होती, हायकोर्ट होतं. राज्य पुनर्रचना आयोगानं तर १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करा अशीच शिफारस केली. त्यामुळे 'एक व्हा' म्हणणाऱ्यांना आधी काहीतरी लिहून द्यावं लागलं. नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ, वर्षातून निदान एक अधिवेशन, निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्या आणि शिक्षणात वाटा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष. पुढे ३७१ (२) कलमात विकास मंडळांची तरतूदही आली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. रिक्वायरमेंटमध्ये 'सिस्टिम फास्ट असावी' असं लिहिलं असेल तर ती फास्ट होणार नाही. 'पान दोन सेकंदांत उघडलं पाहिजे' असं लिहिलं असेल तर होईलच असं नाही, पण निदान स्टॉपवॉच घेऊन भांडता येतं. नागपूर कराराचं तेच झालं. जे विटांचं आणि तारखेचं होतं ते टिकलं. खंडपीठ उभं राहिलं. अधिवेशन काही वर्षं सोडली तर होतंच, मग त्याला कितीही नावं ठेवा, संत्री खायला जातात म्हणा, हुरडा खायला जातात म्हणा. पण निधीचं प्रमाण? ते प्रमाण पाळलं की नाही हे मोजायचं काम कुणाकडे दिलेलंच नव्हतं. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीनं १९८४ मध्ये ते मोजलं, करारानंतर ३१ वर्षांनी, आणि राज्यभरात मिळून ३,१८६.७८ कोटींचा अनुशेष निघाला. वैधानिक विकास मंडळं आली १९९४ ला, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

या सगळ्या कागदांत कोल्हापूर शोधायला गेलात तर नाव सापडायला वेळ लागेल. विदर्भ, मराठवाडा आणि तिसरा रकाना, 'उर्वरित महाराष्ट्र'. १९ तोफांची सलामी घेणारं गाव आता 'उर्वरित'मध्ये असतं. रागावू नका, पुणे-मुंबईही त्याच रकान्यात आहे. पण पुण्या-मुंबईच्या सरासरीत चंदगड आणि गगनबावडा किती सुखी दिसत असतील याची कल्पना करा.

आणि म्हणूनच बेंचची बातमी मला महत्त्वाची वाटली. नागपूरला खंडपीठ सुरुवातीपासून, कारण करारात होतं. औरंगाबादला १९८१. पणजीला १९८२, म्हणजे ज्या गोव्यानं महाराष्ट्रात यायला नकार दिला त्यालाही मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ मिळालं. कोल्हापूरनं हायकोर्टासकट सगळं देऊन टाकलं, लिहून काहीच घेतलं नाही, आणि सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं करून २०२५ ला सर्किट बेंच मिळवलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. १९४९ ते २०२५. सोडवा गणित.

माझ्या आत्याची पन्हाळ्याकडच्या जमिनीच्या हिश्श्याची केस होती. खालच्या कोर्टात बाजूनं निकाल, समोरचा अपिलात वर गेला. मग महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन, मुंबईत राहायची सोय, तिथला वकील, इथला वकील, आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत. कोर्टाचा यात काही दोष नव्हता, दोष ३८० किलोमीटरचा होता. चौथ्या वर्षी आत्यानं अर्ध्या हिश्श्यावर तडजोड केली. "निम्मं गेलं ते गाडीभाड्यात गेलं समज," म्हणाली. मतदार यादीत आत्याचं नाव होतं, प्रत्येक निवडणुकीत मत दिलं तिनं. लोकशाहीत तिच्या वाट्याला जे यायचं ते सगळं आलं होतं, फक्त कोर्ट लांब होतं.

इथपर्यंत कोल्हापूरकर मान डोलावत असतील. आता जरा सावरून बसा, कारण आपण आता मोठे आहोत.

कोल्हापूर महानगरपालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि तेव्हापासून हद्द इंचभरही सरकलेली नाही. शहर मात्र थांबलं नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी, कुठे शहर संपतं आणि कुठे गाव सुरू होतं हे फक्त घरफाळ्याच्या पावतीवर कळतं. शहर म्हणतं, तुम्ही आमचे रस्ते वापरता, केएमटीनं फिरता, आमच्या दवाखान्यात येता, मग आत या. गावं म्हणतात, नाही. मोर्चे, कडकडीत बंद, ग्रामसभांचे ठराव. हद्दवाढीसाठी बंद आणि हद्दवाढीविरुद्ध बंद, दोन्ही पाहिलेत आम्ही. २०१७ मध्ये मधला रस्ता म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण केलं, त्यावर शहरही खूश नाही आणि गावंही नाहीत.

शहरातल्या माझ्या मित्रांना गावांचा हा हट्ट अडाणीपणाचा वाटतो. मला वाटत नाही. माझी सासुरवाडी अशाच एका गावात. मेहुणा ग्रामपंचायत सदस्य. गाव साधारण चौदा हजारांचं. आज त्यांची १७ जणांची पंचायत आहे, सरपंच घराच्या पायरीवर सापडतो. आत आले तर ८१ च्या सभागृहात फार तर दोन नगरसेवकांची भर, म्हणजे गावच्या गटारीचा कागद 'वर' जाणार. प्रत्येक माणसाला एक मत आत्ताही आहे, तेव्हाही असेल. बदलेल ते एवढंच, की गाव म्हणून ते कधी काही जिंकू शकणार नाहीत.

आणि त्यांना विचारायची सक्ती कायद्यात नाही. महापालिकेशी सल्लामसलत करून राज्य सरकार हद्द बदलू शकतं. हरकती-सूचना मागवतात, मतदान नाही. वरच्या पातळीवरही हेच आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद राज्याची हद्द बदलू शकते, विधानसभेचं मत फक्त मागवायचं, मानायचं बंधन नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक नाकारलं, तरी संसदेनं तेलंगणा केला. तेलंगणाच्या बाजूनं बघा तर तिथेही तेच: मोठ्या आंध्रात तेलंगणाचं बहुमत कधीच होणार नव्हतं. म्हणजे कुणाला विचारायचं हेही आधी ठरवावं लागतं, ते काही सोपं नाही.

माझं मत विचाराल तर हद्दवाढ व्हावी. शहर गुदमरलंय, गावांमध्ये चार-चार मजली अपार्टमेंट उभ्या राहिल्यात आणि ड्रेनेज नाही. पण १९४९ सारखी नको, १९५३ सारखी व्हावी, तीही सुधारून. आधी करार, त्यात स्टॉपवॉच लावता येईल अशीच कलमं, मग त्या करारावर प्रत्येक गावात मतदान. ज्या गावाचं 'नाही' येईल ते बाहेर. करारावर शहराच्या बाजूनं सही कोण करणार हाही प्रश्न आहेच. नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. ज्या घरात स्वतःच्याच लोकांना मत द्यायला पाच वर्षं थांबावं लागलं, त्या घरात या म्हणून शेजाऱ्यांना आग्रह करताना थोडी लाज वाटायला हवी होती.

हे सगळं गेल्या रविवारी मेहुण्याला ऐकवलं. एडिंबरो, माल्टा, दांडेकर समिती, सगळं. तांबडा-पांढरा भुरकत त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, ते माल्टा-बिल्टा तुमास्नी. पयलं कलम पाण्याचं लिवा. काळम्मावाडीच्या पायपाचं पाणी आमच्या गावात कुठल्या तारखेला येणार, ती तारीख. आन तारीख चुकली तर आमी परत गाव. आमची पंचायत आमास्नी परत."

त्या टेस्टरला हे कळवायला हवं. मी वहीत लिहून घेतलं. दुसरं कलम घरफाळ्याचं. दर वाढवायच्या आधी त्याला दहा वर्षं हवीत, मला पाच पुष्कळ वाटतात. त्यावर अजून जमलेलं नाही.